हात थांबला, हिशेब वाचला

महिन्याची १८ तारीख. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. तालुक्याच्या गावातील कापडाच्या एका जुन्या पेढीवर शटर अर्धे ओढून मुनीमजी संगणकापुढे बसले होते. जीएसटीचे ३-बी विवरणपत्र २० तारखेच्या आत भरायचे होते. खरेदीच्या बिलांच्या स्कॅन केलेल्या प्रती, किरकोळ दुकानदारांच्या उधारीची एक्सेलमधील वही आणि घरातील आजींच्या पंचाहत्तरीची छायाचित्रे असा सारा ऐवज एकाच पेन ड्राइव्हमध्ये होता. तो लावताच पडद्यावर सूचना उमटली, की वापरण्यापूर्वी हा ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? मुनीमजींनी सवयीने होकार दिला. काही क्षणांत पेन ड्राइव्ह कोरा झाला. आजींना जाऊन वर्ष झाले होते आणि ती छायाचित्रे दुसरीकडे कोठेही नव्हती.

शेजारच्या दुकानातील एक तरुण मदतीला धावून आला. इंटरनेटवरून एखादे मोफत सॉफ्टवेअर याच पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊ आणि लगेच चालवून पाहू, असे तो म्हणू लागला. तेवढ्यात घरातून सूनबाई आल्या. त्यांनी शांतपणे सांगितले, "काका, आधी तो पेन ड्राइव्ह बाहेर काढून ठेवा. उद्या सकाळपर्यंत त्याला कोणीही हात लावायचा नाही." त्या रात्री पेढीवर एवढे एकच काम झाले आणि तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले.

अनुक्रमणिका फाटली, पाने शाबूत

सूनबाईंच्या त्या एका वाक्यामागचे शास्त्र समजण्यासाठी जुनी खतावणी डोळ्यांसमोर आणावी. जाडजूड खतावणीच्या आरंभी अनुक्रमणिका असते. कोणाचे खाते कोणत्या पानावर, ते तीत लिहिलेले असते. कोणी ती अनुक्रमणिका फाडून टाकली, तर खाते शोधणे कठीण होते; परंतु आतली पाने जागच्या जागी असतात.

संगणकाची साठवण याच पद्धतीची असते. डिस्कवरील जागा लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीत असा एक कप्पा बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. कोणत्या फाइलीने कोणते कप्पे व्यापले आहेत, याची नोंद एका मुख्य सारणीत ठेवलेली असते. फाइल पुसली, की संगणक कप्पे रिकामे करण्याच्या भानगडीत पडत नाही. सारणीत 'ही नोंद आता वापरात नाही' अशी खूण करतो आणि ते कप्पे नव्या मजकुरासाठी मोकळे असल्याचे मानतो. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हमध्ये तर पुसलेल्या फाइलीच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे ठरावीक खूण ठेवली जाते.

फॉरमॅटचेही दोन प्रकार आहेत. 'क्विक फॉरमॅट'मध्ये मुख्यतः सारणी नवी होते. जुना मजकूर बहुतांशी तसाच पडून राहतो. क्विकची खूण काढून केलेला सविस्तर फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे प्रत्येक कप्प्यात शून्ये भरतो. त्यानंतर मागे काहीच उरत नाही. मुनीमजींच्या सुदैवाने त्या सूचनेत क्विकची खूण आधीपासूनच केलेली होती.

पहिला उपाय : काहीही न करणे

पुसलेला मजकूर दोन गोष्टींनी खऱ्या अर्थाने नाहीसा होतो. पहिली म्हणजे त्याच कप्प्यांवर नवे काही लिहिले जाणे. शेजारचा तरुण जे करू पाहत होता, ते म्हणजे अनुक्रमणिका फाटलेल्या वहीच्या पानांवरच नवा जमाखर्च लिहिण्यासारखे होते. शोधाचे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवले, तर ज्या फाइली शोधायच्या त्यांच्याच जागेवर ते जाऊन बसू शकते. म्हणून फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या साधनावर काहीही साठवू नये. कॅमेऱ्याच्या कार्डावरील छायाचित्रे गेली असतील, तर त्या कार्डावर आणखी एकही छायाचित्र काढू नये. संगणकाच्या मुख्य डिस्कवरील फाइल गेली असेल, तर संगणक बंद करावा. कारण विंडोज नुसते चालू असले तरी पडद्याआड सतत काही ना काही लिहीत असते. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे हा सुरक्षित मार्ग होय.

दुसरी गोष्ट नव्या संगणकांशी संबंधित आहे. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. फाइल पुसली जाताच विंडोज 'ट्रिम' नावाच्या आज्ञेने एसएसडीला कळवते, की या जागेची आता गरज नाही. मग एसएसडी सवडीने ती जागा स्वतःच साफ करते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा फार थोडी असते. मोबाइल फोनच्या अंतर्गत साठवणीचीही तीच गत; तेथील मजकूर शिवाय सांकेतिक रूपात असतो. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क यांच्याबाबत मात्र आशेला पुष्कळ जागा आहे.

तिसरी एक अवस्था ओळखता आली पाहिजे. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा ती कधी दिसते आणि कधी दिसत नाही असे होत असेल, तर दोष यंत्रात आहे. तेथे सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा चालवण्याने इजा वाढते. ऐवज मोलाचा असेल, तर वीजपुरवठा बंद करून ती डिस्क तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे सोपवावी.

आधी उघडे दरवाजे पाहावेत

कुलूप तोडण्यापूर्वी दार उघडे आहे का, हे पाहावे. संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये फाइल असेल, तर ती दोन क्लिकमध्ये मूळ जागी जाते. मात्र पेन ड्राइव्हवरून पुसलेली किंवा शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबून पुसलेली फाइल सहसा तेथे येत नाही. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले छायाचित्र ६० दिवस राहते. घरातील मोबाइलवरून गेलेले छायाचित्र बहुधा येथेच सापडते. एक्सेलमध्ये काम चालू असताना वीज गेली आणि फाइल साठवायची राहून गेली, तर 'फाइल' या यादीतील 'इन्फो' भागात न साठवलेल्या वह्या परत मिळवण्याची सोय असते. एखादे बिल किंवा उतारा पूर्वी कोणाला ई-मेलने अथवा व्हॉट्सॲपवर पाठवला होता का, हेही आठवून पाहावे. कर सल्लागाराकडे गेलेली प्रत अनेकदा मालकाला वाचवते.

मोफत, पण खरी साधने

हे दरवाजे बंद असतील, तर पुढची पायरी म्हणजे शोधाचे सॉफ्टवेअर. 'मोफत' म्हणून जाहिरात होणारी अनेक सॉफ्टवेअरे गेलेल्या फाइलींची यादी दाखवतात आणि प्रत्यक्ष फाइल हवी म्हटले, की पैसे मागतात. पैसे वाचवण्यासाठी कोणी चोरीची प्रत उतरवून घेतली, तर तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो. खरोखर मोफत आणि भरवशाची साधने आहेत. ती त्यांच्या निर्मात्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

'रेक्यूव्हा' हे नवख्या माणसाला सर्वांत सोपे. सीसीक्लीनर बनवणाऱ्या पिरिफॉर्म कंपनीचे हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. कोणत्या प्रकारची फाइल, कोठून गेली, असे प्रश्न ते क्रमाने विचारते. सापडलेल्या फाइलीपुढे हिरवा, नारिंगी किंवा लाल ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे स्थिती चांगली, लाल म्हणजे आशा थोडी. पहिल्या शोधात काही मिळाले नाही, तर 'डीप स्कॅन' निवडावे.

'विंडोज फाइल रिकव्हरी' हे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये दिलेले मोफत साधन आहे. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळते. त्यात चित्रे आणि बटणे नाहीत, आज्ञा टंकित करावी लागते. नुकत्याच पुसलेल्या फाइलींसाठी साधा शोध आणि फॉरमॅट झालेल्या किंवा बिघडलेल्या ड्राइव्हसाठी सखोल शोध, असे दोन प्रकार त्यात आहेत. सापडलेल्या फाइली दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवण्याचे बंधन ते घालते आणि हे बंधन फार हिताचे आहे.

'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही जोडी या क्षेत्रात विशेष मानाची आहे. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच तंत्रज्ञाने ती निर्माण केली आणि कोणालाही वापरता, तपासता व सुधारता यावी अशा मुक्त परवान्याखाली जगाला दिली. टेस्टडिस्क हरवलेले विभाग शोधते, बिघडलेली सारणी दुरुस्त करते आणि शक्य असेल तेथे फाइली त्यांच्या मूळ नावांसह परत आणते. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे, हे मात्र विसरू नये. पूर्ण खात्री नसताना तिला डिस्कवर लिहिण्याची परवानगी देऊ नये. आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

फोटोरेकची रीत निराळी. नावावरून वाटते तसे ते केवळ छायाचित्रांपुरते नाही. शेकडो प्रकारच्या फाइली ते ओळखते. ते सारणीकडे पाहतच नाही. एकेक कप्पा वाचत जाते आणि फाइलींच्या आरंभीच्या खुणा शोधते. प्रत्येक जेपीईजी छायाचित्र ठरावीक बाइटांनी सुरू होते. पीडीएफच्या आरंभी 'पीडीएफ' हीच अक्षरे असतात. झिप फाइलीच्या आरंभी 'पीके' ही अक्षरे येतात. ती झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. आजच्या एक्सेल आणि वर्डच्या फाइली आतून झिपच असल्याने त्याही या खुणेने सापडतात. अनुक्रमणिका नसताना प्रत्येक पान उलटून 'श्री' कोठे लिहिले आहे ते पाहावे आणि तेथून नवी वही सुरू झाली असे समजावे, तशी ही रीत आहे. तिची मर्यादाही यातच आहे. फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. शिवाय एखाद्या फाइलीचे तुकडे दूरदूरच्या कप्प्यांत विखुरलेले असतील, तर ती अर्धवट येते. मोठ्या चित्रफितींच्या बाबतीत असे अधिक घडते.

डिस्कचे काही भाग वाचलेच जात नसतील, तर जीएनयू प्रकल्पाचे 'डीडीरेस्क्यू' उपयोगी पडते. ते लिनक्सवर चालते. वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि किती काम झाले याची नोंद ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. हे काम मात्र जाणकाराच्या हातून करून घ्यावे. विंडोजची 'चेक डिस्क' ही दुरुस्तीची आज्ञाही फाइली काढून घेतल्यावरच वापरावी. कारण ती सारणी नीट करते, त्या भरात मजकुराचे नुकसान होऊ शकते.

फाइल आहे, पण उघडत नाही

काही वेळा फाइल जागेवर असते आणि उघडत नाही. एक्सेलची फाइल असेल, तर नेहमीप्रमाणे दोनदा क्लिक न करता एक्सेलमधून 'ओपन'च्या खिडकीत जावे, फाइल निवडावी आणि 'ओपन' बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' निवडावे. तेवढ्याने भागले नाही, तर लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडून पाहावी. एक्सेलने नाकारलेली फाइल तेथे उघडल्याचे अनेकदा दिसते. प्रत्येक प्रयोग मूळ फाइलीवर न करता तिच्या प्रतीवर करावा.

टॅलीची गोष्ट आणखी वेगळी. टॅलीचा हिशेब एका फाइलीत नसतो. आकडी नावाच्या फोल्डरमध्ये अनेक फाइली मिळून एका कंपनीचा हिशेब होतो. फोटोरेकने नावे गमावलेल्या सुट्या फाइली दिल्या, तरी त्यांतून तो हिशेब उभा करणे जवळजवळ अशक्य असते. पुसलेले फोल्डर नावांसह परत आणणारे साधन येथे आधी वापरावे. हिशेब उघडत असून त्यात दोष आला असेल, तर टॅलीत स्वतःची दुरुस्तीची सोय आहे. तीही फोल्डरची प्रत काढून ठेवल्यावरच वापरावी.

फाइलींची नावे अचानक विचित्र झाली आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली, तर तो रॅन्समवेअरचा हल्ला समजावा. संगणकाचे इंटरनेट तत्काळ तोडावे आणि खंडणी देऊ नये. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. तेथे काही प्रकारच्या हल्ल्यांवरील किल्ल्या विनामूल्य मिळतात. आज किल्ली नसली, तरी ती पुढे मिळू शकते. म्हणून कुलूपबंद फाइली पुसून टाकू नयेत.

सापडले ते जुळवून घ्यावे

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी नवी हार्ड डिस्क आणवली. दुसऱ्या संगणकावर फोटोरेक उतरवले. शोधाच्या यादीतून फक्त छायाचित्रे, पीडीएफ आणि एक्सेल हे प्रकार निवडले. ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असल्याने मोकळ्या जागेपुरता शोध न घेता संपूर्ण ड्राइव्ह वाचायला सांगितला आणि सापडलेले सारे नव्या डिस्कवर ठेवायला लावले. तासाभरात फोल्डरांमागून फोल्डर भरत गेले. फाइलींची नावे म्हणजे नुसते आकडे. दुपारपर्यंत मुनीमजी आणि सूनबाई एकेक पीडीएफ उघडून बिल क्रमांकाप्रमाणे नावे देत बसले होते. २० तारखेला विवरणपत्र भरले गेले.

आजींची छायाचित्रे बहुतेक सारी मिळाली. नातवाला घास भरवतानाचे एक छायाचित्र वरून अर्धे दिसते आणि खाली राखाडी पट्टा आहे. पंचाहत्तरीच्या सोहळ्याची चित्रफीत मात्र उघडली नाही. आजींचा आवाज तीतच होता. घरच्यांनी ते स्वीकारले, पण त्या संध्याकाळी त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

खरी परीक्षा उधारीच्या वहीने घेतली. एक्सेलची ती वही एक नव्हे, चार आल्या. पूर्वी वेळोवेळी साठवलेली जुनी रूपेही त्यांत होती. चारही उघडून शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली, तेव्हा त्यांतील सर्वांत ताजी वहीदेखील नऊ दिवस मागे होती. तीच अखेरची समजून पुढे लिहीत गेले असते, तर नऊ दिवसांतल्या वसुल्या गिऱ्हाइकांच्या नावे पुन्हा उधार दिसल्या असत्या. पेढीची साख एका दिवसात गेली असती. म्हणून ताज्या वहीतील शिल्लक रोजमेळाशी ताडून पाहिली, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती काढल्या आणि नऊ दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा केल्या. सहा खाती तरीही जुळेनात. शेठजींनी त्या सहा दुकानदारांना स्वतः फोन केला आणि घडले ते न लपवता सांगितले. चौघांनी आपापल्या वहीतील आकडा कळवला. दोघे वह्या घेऊन पेढीवर आले. शेठजींनी सांगितले, "मुनीमजी, त्यांच्या वहीत जे असेल ते आपल्याकडे लिहा."

सॉफ्टवेअर फाइल परत देते. ती बरोबर आहे की नाही, हे ते सांगत नाही. ते काम जमाखर्च जाणणाऱ्या माणसाचेच.

आणखी एक प्रत

शोधाची साधने कितीही चांगली असली, तरी ती अपघातानंतरची आहेत. पूर्वी पेढीवर कच्ची वही आणि पक्की वही वेगळी असे. एका वहीला धक्का लागला, तर दुसरीवरून हिशेब उभा राही. संगणक आल्यावर ती शिस्त मागे पडली आणि पेन ड्राइव्हलाच तिजोरी मानले जाऊ लागले. संगणकक्षेत्रात तीन-दोन-एक असा एक नियम सांगतात: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर. व्यापाऱ्याने रोज दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, आठवड्याला एक प्रत घरी न्यावी आणि आवश्यक ती प्रत क्लाउडवर ठेवावी. डिस्क कायम संगणकाला जोडलेली ठेवू नये. रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधून हिशेब प्रत्यक्ष उघडून पाहावा. पेन ड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करावा आणि संगणकाला यूपीएस असावा; सारणी बिघडण्याची निम्मी कारणे तेथेच संपतात.

यात कायद्याचीही अपेक्षा आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर ही मुदत ८ आर्थिक वर्षांची आहे आणि संगणकावरील पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे २०२२ पासून बंधनकारक आहे. पेन ड्राइव्ह बिघडला, हे कारण कोणतेही खाते ऐकून घेत नाही.

योगायोग असा, की जगभर ३१ मार्च हा दिवस 'वर्ल्ड बॅकअप डे' म्हणून पाळला जातो. व्यापारी घरांना तो दिवस वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. वर्षाचा हिशेब मिटवण्याची तीच तारीख.

त्या पेढीवर आता रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी मुनीमजी बॅकअपची डिस्क जोडतात, काम झाले की काढून कपाटात ठेवतात आणि रोजमेळाच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रत घेतली' असे लिहून सही करतात. जुना पेन ड्राइव्ह अजूनही टेबलाच्या खणात आहे. सूनबाईंनी तो कोणाला वापरू दिलेला नाही. त्या न उघडलेल्या चित्रफितीचे तुकडे कदाचित त्यावरच कोठेतरी असतील.